धरणांची साखळी आणि कामांचे जाल

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या आणि त्यात नैऋत्येकडचे भोर व वेल्हे (आता राजगड) हे दोन तालुके शोधा. सह्याद्रीच्या रांगांमध्ये अडकलेले निळे पट्टे तुम्हांला दिसतील. ही धरणांची पाणी आहेत. वेल्ह्यात आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि कानंदी नदीवर गुंजवणी ही धरणे आहेत. भोरमध्ये वेळवंडी नदीवर भाटघर आणि नीरा नदीवर नीरा देवघर आहे.

आता प्रत्येक नदीवर बोट ठेवून ते प्रवाहाच्या दिशेने सरकवा. पानशेत आणि वरसगावचे पाणी मुठा नदीवरील खडकवासल्याला येते. मुळशी तालुक्यातल्या टेमघर धरणाचे पाणीही तेथेच येते. भाटघर, नीरा देवघर व गुंजवणी यांचे पाणी नीरेतून खाली वीर धरणात पोहोचते. म्हणजे ही सुटी सुटी धरणे नाहीत. त्यांच्या दोन साखळ्या आहेत.

पाणी मोजण्यासाठी आपल्याकडे ‘टीएमसी’ हे माप वापरतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर. उपयुक्त साठ्याचे आकडे पाहा. पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१ आणि त्यांच्या खाली असलेले खडकवासला फक्त १.९७ टीएमसी! दुसऱ्या साखळीत भाटघर २३.५०, नीरा देवघर ११.७३, गुंजवणी ३.६९ आणि त्या तिघांच्या खाली असलेले वीर ९.४१ टीएमसी. दोन्हीकडे वरची भांडी मिळून मोठी आणि खालचे भांडे लहान आहे. अशा वेळी एखादे धरण चांगले आहे की वाईट, हे त्या एकट्याकडे पाहून ठरवता येत नाही. त्याच्या वर काय आहे व खाली काय आहे, हेही पाहावे लागते.

एका धरणाचे बांधकाम हा एक प्रकल्प. पण एकाच हेतूसाठी हाती घेतलेले आणि एकमेकांवर अवलंबून असलेले अनेक प्रकल्प मिळून जे होते, त्याला आपण ‘प्रकल्पमाला’ म्हणू. प्रकल्पमाला सांभाळणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्याचा मूळ प्रश्न साधा आहे : कोणते काम कोणत्या कामासाठी थांबून राहते?

या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर शोधण्याच्या रीती १९५० नंतरच्या दशकात तयार झाल्या. अमेरिकेत ड्यू पाँट या रसायन कंपनीत १९५७ च्या सुमारास एक रीत निघाली आणि १९५८ मध्ये तेथील आरमाराने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी तशीच दुसरी रीत वापरली. दोन्हींचे मर्म आपण एका काल्पनिक मातीच्या धरणावरून समजून घेऊ.

हे काम १ ऑक्टोबरला सुरू झाले असे समजा. पाया तयार करण्यास ५ महिने लागतात. पाया झाल्यावर दोन कामे एकदमच सुरू करता येतात. पहिले म्हणजे विमोचकाचे बांधकाम. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाला विमोचक म्हणतात. त्याला ७ महिने लागतात. दुसरे म्हणजे दोन्ही तीरांवरचा मातीचा भराव. त्याला ९ महिने हवेत. विमोचकाचे दरवाजे कारखान्यात तयार होण्यास १० महिने लागतात. ते काम पहिल्या दिवसापासूनच सुरू करता येते. दरवाजे आणि विमोचक दोन्ही तयार झाले की दरवाजे बसवण्यास आणखी ३ महिने. बुडीत क्षेत्रातील गावांच्या पुनर्वसनास १३ महिने. तेही पहिल्या दिवशीच सुरू होते. हे सगळे संपल्यावर शेवटचे काम घळभरणीचे. नदी वाहत राहावी म्हणून मध्ये मोकळी ठेवलेली घळ आता भरून काढायची. त्याला ५ महिने लागतात. (मधल्या पावसाळ्यातला खंड आपण हिशेब सोपा व्हावा म्हणून धरलेला नाही.)

कागदावर प्रत्येक कामासाठी एक बाण काढा आणि बाण क्रमाने जोडा. कामांचे एक जाल तयार होईल. घळभरणीपर्यंत पोहोचणाऱ्या वाटा मोजा :

पाया, विमोचक, दरवाजे बसवणे : ५ + ७ + ३ = १५ महिने.
पाया, भराव : ५ + ९ = १४ महिने.
दरवाजे तयार करणे, बसवणे : १० + ३ = १३ महिने.
पुनर्वसन : १३ महिने.

सर्वांत लांब वाट १५ महिन्यांची. हिलाच ‘निर्णायक मार्ग’ म्हणतात. घळभरणी त्याआधी सुरू होऊच शकत नाही. या वाटेवरचे कोणतेही काम एक दिवस लांबले, तर सगळेच काम एक दिवस लांबते. बाकीच्या वाटांना थोडी सवड आहे : भरावाला एक महिन्याची, तर पुनर्वसनाला दोन महिन्यांची. मजूर, यंत्रे आणि देखरेख कोठे वाढवायची, हे या जालावरून चटकन कळते.

१५ महिने ३१ डिसेंबरला संपतात. जानेवारी ते मे हे ५ महिने घळभरणीचे. ३१ मेला धरण पुरे होते आणि जूनमध्ये पाऊस येतो. हिशेब अगदी काठावर बसला!

आता दरवाजे बसवण्यास एक महिना उशीर झाला असे समजा. घळभरणी जूनअखेर संपेल. पण जूनमध्ये नदीला पूर येतो, तेव्हा घळ अर्धवट भरलेली ठेवता येत नाही. मग ती पुढच्या ऑक्टोबरपर्यंत थांबवावी लागते. जानेवारीत सुरू होणारे काम ऑक्टोबरवर गेले. एका महिन्याच्या उशिराचे नऊ महिने झाले! माणसांची कामे दिवसादिवसाने पुढे सरकतात. ऋतू तसे सरकत नाहीत.

अशा वेळी एक मोह होतो : ‘घळ आधी भरून घेऊ, दरवाज्यांचे नंतर पाहू.’ जालातला एक बाण पुसून टाकण्याचा हा मोह आहे. तो बाण तेथे का असतो, हे पुणेकरांना १२ जुलै १९६१ रोजी कळले.

त्या वर्षी पानशेतच्या मातीच्या धरणात प्रथमच पाणी साठत होते. पाऊस जोराचा होता आणि पातळी भराभर चढत होती. परंतु विमोचकाचे काम अपुरे होते. दरवाजे हलवण्याची यंत्रणा पूर्ण झालेली नव्हती आणि दरवाजे अर्धवट उघड्या स्थितीत होते. अशा दरवाज्याखालून पाणी कसे धावते? समजा दरवाज्यावर ३० मीटर उंचीचे पाणी आहे. तुमच्या पुस्तकातल्या सूत्राप्रमाणे वेग म्हणजे २ × ९.८ × ३० या गुणाकाराचे वर्गमूळ, सुमारे २४ मीटर दर सेकंदास. ताशी ८७ किलोमीटर! असा झोत अर्धवट उघड्या दरवाज्यामागे हवा ओढून घेतो, दाब सारखा कमीजास्त होतो आणि विमोचकाच्या भिंतींना हादरे बसतात. पानशेतला विमोचकावरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून तो सावरण्याची शर्थ केली. पण माथा खाली आला आणि पाणी त्यावरून वाहू लागले. मातीचे धरण माथ्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही. ते फुटले.

येथे साखळीचा अर्थ पुन्हा आठवा. खाली एकोणिसाव्या शतकात बांधलेले खडकवासल्याचे दगडी धरण उभे होते. त्याच्या स्वतःच्या कामात त्या दिवशी काहीच अपुरे नव्हते. तरीही वरून आलेला लोंढा त्याला पेलला नाही आणि काही तासांतच तेही फुटले. पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, माणसे दगावली, हजारो घरे पडली आणि ज्या तलावातून शहर पाणी पीत होते तो तलावच नाहीसा झाला. एका प्रकल्पातला अपुरा दुवा दुसऱ्या प्रकल्पाच्या पायथ्याशी जाऊन पोहोचला. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभी राहिली. भारताच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडाही आवश्यक ठरवला आहे. धरण फुटले तर खाली पाणी कोठवर जाईल, हा प्रश्न आता धरणाच्या कामाचाच भाग मानतात.

दुवा तुटला की प्रत्येक वेळी पूरच येतो असे नाही. भोर तालुक्यातले नीरा देवघर पाहा. धरणात २००७ च्या सुमारास पाणी साठू लागले, पण कालव्यांची कामे त्यानंतर बरीच वर्षे रेंगाळली. धरण भरते, पण ज्या शेतासाठी ते बांधले त्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. धरण हा एक प्रकल्प, कालवा हा दुसरा, शेतापर्यंतच्या चाऱ्या हा तिसरा. पहिला पूर्ण झाला म्हणून हेतू साधला असे होत नाही. ज्या गावांनी आपल्या जमिनी पाण्याखाली दिल्या त्यांना, आणि पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांना, हा फरक चांगला समजतो.

बांधकामे संपली तरी प्रकल्पमाला संपत नाही. दर पावसाळ्यात भाटघर, नीरा देवघर आणि गुंजवणी येथून पाणी कधी व किती सोडायचे, हे वीर धरणाची पातळी पाहून ठरवावे लागते. तिन्हींचे पाणी एकाच वेळी वीरला पोहोचले, तर नीराकाठच्या गावांना धोका. म्हणून प्रत्येक धरणावरच्या अधिकाऱ्याला आपल्या दरवाज्यांबरोबर शेजारच्या धरणांची खबरही ठेवावी लागते.

हे शास्त्र शिकण्यासाठी धरणच हवे असे नाही. शाळेचे विज्ञान प्रदर्शन किंवा स्नेहसंमेलन घ्या. शिक्षकांच्या मदतीने सगळ्या कामांची यादी करा आणि त्यांचे जाल काढा. प्रत्येक बाणापाशी तीन प्रश्न विचारा : हे काम कशासाठी थांबले आहे? त्याला सवड किती आहे? ते अपुरे राहिले तर झळ कोणाला बसेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्या यादीबाहेरचे निघते, म्हणून त्यावर वर्गात जास्त वेळ चर्चा करा.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. आपल्या काल्पनिक धरणात विमोचकाचे बांधकाम ७ ऐवजी ५ महिन्यांत झाले, तर घळभरणी किती महिने आधी सुरू करता येईल? तुमचे उत्तर ‘दोन’ असेल, तर चारही वाटांची बेरीज पुन्हा एकदा करून पाहा.