नमस्कार करताना तळव्यांत फट राहते?

कापूस वेचताना बोटं अडखळली, कळण्याची भाकरी थापताना तळवा सपाट पडेना, की जळगाव-धुळ्याकडे दोष वयाला नाहीतर वाताला दिला जातो. साखर क्वचितच आठवते. रक्तात वर्षानुवर्षे वाढलेली साखर कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते. कंडरा आणि सांध्यांची आवरणं ताठरतात. खांदा आखडण्याचं प्रमाण मधुमेहींत साधारण १० ते २० टक्के, इतरांत २ ते ५. नमस्कारासारखे हात जोडून पाहा. बोटं पूर्ण चिकटत नसतील, तर डॉक्टरांकडून साखर तपासून घ्यावी. खांद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतल्यावर काही दिवस साखर चढते, हेही आधी विचारावं. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायूच वापरतात. त्यामुळे दुखतं म्हणून हात महिनोन्‌महिने न हलवणं दुहेरी तोट्याचं.