दंगलीआधीचं घर

न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृत्यूंच्या कारणांची एक नोंद आहे. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 या दोन महिन्यांत मुंबईतल्या दंगलींत 900 माणसं मेली. 356 पोलिसांच्या गोळीबारात, 347 भोसकाभोसकीत, 91 आगीत, 80 जमावाच्या हल्ल्यात, 22 खाजगी गोळीबारात, 4 इतर कारणांनी. माझगावातल्या आमच्या गल्लीत घराघरांत बसून मी दंगलीच्या दिवसांची तयारी करून घेते, तेव्हा हे आकडे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असतात. लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दाराला जाळीचा दरवाजा लावू का, घरात काठी ठेवू का? मी ते पान पुढे करते. गोळी आणि सुरा, दोन्ही मिळून 703. ही दोन्ही मरणं माणसाला बहुतकरून गाठतात ती रस्त्यावर, नाक्यावर, गल्लीच्या तोंडाशी. तेव्हा घरातल्या कोणालाही पाच-सहा दिवस उंबरठा ओलांडावा लागू नये, एवढीच तयारी आधी करायची. बाकी सगळं नंतर.

पाच-सहा दिवस का, असंही विचारतात. 17 मार्च 2025 च्या रात्री नागपुरात महाल भागात हिंसाचार झाला आणि बऱ्याच पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. काही भागांतली टप्प्याटप्प्याने उठली, काही ठिकाणी ती 23 मार्चपर्यंत राहिली. मधेच दोन-चार तास शिथिल होते, पण त्या तासांत दुकानांपुढे सगळी वस्ती उतरते, आणि वातावरण पुन्हा बिघडलं तर तेही तास मिळत नाहीत.

माणसं बाहेर का पडतात, याचा विचार केला की तयारीची यादी आपोआप तयार होते. कोणी औषधासाठी पडतं, कोणी लेकराच्या दुधासाठी, कोणी घरी न पोचलेल्या माणसाला शोधायला. आणि बरेच जण नुसते काय चाललंय ते बघायला.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात बसले होते. आजी, मुलगा, सून, कॉलेजात जाणारा नातू आणि शाळेतली नात. सुरुवात आजींच्या औषधाच्या डब्यापासून केली.

“आजी, गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात?”

“संपल्या की मुलगा आणतो गं. खालीच तर आहे दुकान.”

“ते दुकान बंद असलं तर?”

आजी सुनेकडे बघायला लागल्या. सुनेने डबा पालथा केला. रक्तदाबाच्या गोळ्या चार दिवसांच्या निघाल्या, इन्सुलिनची एक बाटली अर्धी, दुसरी नाहीच. आमच्या भागात जवळजवळ प्रत्येक घरात हेच दिसतं. डाळ-तांदूळ महिनाभराचे असतात, कारण वाणसामान महिन्याचं भरायची सवय पिढ्यांची आहे. औषध मात्र एक पाकीट संपलं की दुसरं येतं. आम्ही नियम घातला: पंधरा दिवसांचं औषध शिल्लक असतानाच पुढचं आणायचं, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायची. इन्सुलिनची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये. वीज गेली तर पाण्याच्या माठात, पण पाणी लागणार नाही अशा बेताने वाटीत ठेवून. उघडलेली साधारण चार आठवडे चालते, पण उन्हाळ्यात गॅसच्या ओट्याजवळ ठेवली तर खराब होते. सूनबाईंनी तिथल्या तिथे ती ओट्यावरून उचलली.

पाण्याचं कोडं इमारतीचं असतं, एका घराचं नसतं. नळाला पाणी येतं ठरावीक वेळी, ते तळटाकीत पडतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. पंप सुरू करणारा माणूस लांब राहतो. तो आला नाही तर? एका रविवारी पंपाची किल्ली आणि वॉल्व्ह फिरवायची पद्धत तीन घरांना शिकवली, त्यांत एक घर तळमजल्यावरच्या चाचींचं. चाची रत्नागिरीकडच्या, आमच्यापेक्षा शुद्ध कोकणी मराठी बोलतात. वॉल्व्ह उलटा बसवलेला आहे हे त्यांनीच पहिल्यांदा ओळखलं. प्यायला आणि स्वयंपाकाला पाच माणसांना दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं, त्या हिशोबाने पाच-सहा दिवसांचं झाकणाच्या डब्यांत भरून ठेवायचं आणि दर आठवड्याला बदलायचं.

मग खिडक्या. आमच्याकडे प्रत्येक खिडकीला लोखंडी ग्रिल आहे, चोराच्या भीतीने ठोकून बसवलेलं. ज्या घराला एकच दार आणि सगळ्या खिडक्यांना पक्कं ग्रिल, त्या घरात आग शिरली तर माणसं अडकतात. 8 जानेवारी 1993 ला मध्यरात्रीनंतर जोगेश्वरीच्या राधाबाई चाळीत एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावली गेली. तेव्हापासून मी दोन गोष्टींवर अडून बसते. दाराची बाहेरची कडी काढून टाकायची, कुलूप दारातच बसवलेलं वापरायचं. आणि मागच्या बाजूच्या एका ग्रिलला झडप करून घ्यायची.

झडप करायचं काम बघण्यासारखं असतं. फॅब्रिकेटर आधी भिंतीतले खिळे हलतात का ते ठोकून बघतो, कारण गज कापले की उरलेल्या चौकटीवर सगळा भार येतो. मग खडूने दोन फूट रुंद, अडीच फूट उंच चौकोन आखतो. मी प्रत्येक वेळी घरातल्या सगळ्यात जाड माणसाला समोर उभं करते आणि त्याच्या खांद्यांवरून खडूची रेघ सरकवून घेते. ग्राइंडर लागला की ठिणग्या खालच्या गल्लीत पडतात, म्हणून खाली एक पोर उभं करावं लागतं. कापलेले गज पट्टीवर वेल्ड करून त्यांचंच दार होतं, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूने, कडी आतून. कुलूप घालायचं असेल तर त्याची किल्ली खिडकीपासून हातभर अंतरावर खिळ्याला, पण बाहेरून हात घातला तर सापडणार नाही अशी. काम झालं की नातवाला सांगितलं, दिवा बंद करून अंधारात उघडून दाखव. पहिल्यांदा त्याला किल्लीच सापडेना. तिसऱ्यांदा पटकन उघडलं. आजींनाही उघडायला लावलं, आणि बिजागरीला तेल घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

रस्त्याकडच्या खिडक्यांचे सिंथेटिक पडदे काढून सुती लावायला सांगते. जळता बोळा आत आला तर सिंथेटिक वितळून चिकटतं. रात्री त्या खोलीत कोणी झोपायचं नाही, गाद्या आतल्या भिंतीशी. खाली गडबड ऐकू आली की दिवा मालवायचा आणि खिडकीत उभं राहायचं नाही. गोळी नेम धरलेल्या माणसालाच लागते असं नाही. अश्रुधुराचा वास आला तर खिडक्या बंद, फटींना ओले टॉवेल, डोळे चोळायचे नाहीत, साध्या पाण्याने धूत राहायचं.

गच्चीवर जायला सगळे कंटाळतात, आणि मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवते. दुरुस्तीनंतर उरलेले विटांचे तुकडे, जुन्या ट्यूबलाइट, सोड्याच्या आणि बिअरच्या बाटल्या. दंगलीत हाच माल वरून खाली फेकला जातो. तो एका पोराने फेकला तरी खालून उत्तर सगळ्या इमारतीला येतं, आणि झडतीत सापडला तर आतली निरपराध पोरं उचलली जातात. ‘बचावासाठी असू दे’ म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी भांडते. दोन गोण्या भरून तो राडारोडा त्याच दिवशी खाली गेला.

कागदांचं काम कंटाळवाणं, पण टाळायचं नाही. घराच्या प्रत्येक खोलीचे फोटो, रेशनकार्ड, भाडेपावती किंवा करारनामा, दागिन्यांच्या पावत्या, गाडीचं आरसी बुक, हे सगळं दुसऱ्या शहरातल्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवायचं. नंतर पंचनाम्याला आणि भरपाईच्या अर्जाला हेच लागतं. 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविम्यात दंगलीतलं नुकसान धरलेलं आहे. दुचाकीचा मात्र नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर गाडी जळाल्यावर हाती काही येत नाही. आमच्या गल्लीतल्या बहुतेक दुचाकी तशाच आहेत.

इंटरनेट बंद होतं, हे आता गृहीतच धरायचं. म्हणून नंबर कागदावर: आणीबाणीचा 112, रुग्णवाहिकेचा 108, आपल्या पोलीस ठाण्याचा थेट नंबर, आणि माणसांचे. माणसांमध्ये दोन प्रकार. एक, आपले लोक बाहेर अडकले तर कुठे मुक्काम करतील ती घरं. सुनेची नोकरी कांजूरमार्गला. गाड्या बंद पडल्या तर तिने चालत निघायचं नाही, मुलुंडच्या मावसबहिणीकडे राहायचं, हे मावसबहिणीला आजच फोन करून सांगितलं. नातीला शाळेतून घ्यायला कोण जाईल त्या दोन माणसांची नावं वर्गशिक्षिकांना लिहून दिली. तिसरं कोणी आलं तर तिने जायचं नाही. दुसरा प्रकार म्हणजे वेगवेगळ्या वस्त्यांतली ओळखीची माणसं. अमुक ठिकाणी मुलगी पळवली, पाण्यात विष घातलं, ट्रक भरून माणसं उतरली, असं काही कानावर आलं की त्या वस्तीतल्या आपल्या माणसाला फोन लावायचा. जानेवारी 1993 मध्ये समुद्रातून हत्यारांच्या होड्या येतायत अशा अफवेने मुंबईत लोक किनाऱ्यावर रात्री जागले. ज्याच्याकडे पलीकडच्या वस्तीतला एकही फोन नंबर नसतो, त्याला अशी बातमी तपासता येत नाही.

हे मी भिवंडीच्या उदाहरणावरून शिकले. 1970 आणि 1984 मध्ये भिवंडी पेटली होती. नंतर सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त असताना त्यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बसवल्या, त्यांत हिंदू-मुसलमान दोन्हीकडची साधी माणसं महिन्याकाठी नळ-गटार-भांडणांच्या निमित्ताने एकमेकांसमोर बसू लागली. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मुंबईत मोहल्ला कमिटीचं काम 1994 मध्ये सुरू झालं. घरातली पाण्याची पिंपं मला महत्त्वाची वाटतात, पण चाचींना पंपाची किल्ली देणं त्याहून जास्त.

नातवाचा प्रश्न शेवटी आला. वीस वर्षांचा मुलगा घरात चार दिवस बसत नाही, त्याला नाक्यावर जाऊन बघायचं असतं, आणि गोळीबारात सापडतात ती हीच पोरं. बस म्हटल्याने तो बसत नाही. त्याला काम लागतं. इमारतीतल्या एकट्या म्हाताऱ्यांची यादी त्याच्याकडे दिली: कोणाला इन्सुलिन, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला जिना उतरवत नाही. दिवसातून दोनदा प्रत्येक दार वाजवून यायचं. वेळ आली तर कोणत्या बिऱ्हाडाने कोणाकडे झोपायला जायचं, हेही त्यानेच लिहून घेतलं.

मग सोसायटीची बैठक. प्रवेशद्वारातला नावांचा फलक काढावा का, यावर तासभर वाद झाला. 1993 मध्ये मुंबईत कितीतरी इमारतींनी असे फलक उतरवले होते, कारण जमाव ते वाचून घरं शोधत होते. सेक्रेटरींचं म्हणणं, आमच्या तीन मुसलमान कुटुंबांची नावं तेवढी काढू, त्यांच्याच सुरक्षेसाठी. चाची म्हणाल्या, “तीन जागा कोऱ्या दिसल्या की झालंच ना काम त्यांचं.” खोलीत कोणी बोलेना. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक उठले आणि म्हणाले, माझंही काढा, सगळ्यांचंच काढा. ठराव तसाच झाला. फलकावर आता फक्त खोल्यांचे नंबर राहतील, आणि नावं पोस्टमनला द्यायच्या वहीत, ती सेक्रेटरींच्या घरात. पुढच्या रविवारी रंगारी येतोय.