सुट्टीतली आई

मराठी साहित्यातली आई फार सोसते. ती पहाटे उठते, सर्वांच्या नंतर जेवते, स्वतःचे दुखणे अंगावर काढते आणि मुलांना वळण लावता लावता झिजते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. पुढे १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी तिच्यावर चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून कित्येक पिढ्या त्या माउलीसाठी रडल्या. मीही रडले, माझ्या मुलांनाही रडवले. त्या आईच्या थोरवीबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

मात्र एक गोष्ट मला नेहमी खटकत आली आहे. आईने मुलांसाठी काय केले, याचा हिशेब आपल्याकडे चोख असतो. मुलांमुळे तिला काय मिळाले, तिची कशी करमणूक झाली, ती पोट धरून कधी हसली, याची नोंद सहसा सापडत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्याला इतकी जवळची वाटतात, त्याचे एक कारण मला असे वाटते की, डोंगराएवढी दुःखे सांगतानाही ती बाई मध्येच मिश्कील हसते. एरवी आईच्या खात्याला नावेची बाजू भरगच्च आणि जमेची बाजू कोरी! अडतीस वर्षे बँकेत काढलेल्या माझ्यासारखीला असा खतावणीचा कागद बघवत नाही. म्हणून आज ही जमेची बाजू थोडी भरायची आहे, आणि त्यासाठी मे महिन्याइतका सोयीचा महिना दुसरा नाही.

आधी थोडे रजेविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळे त्याच्यावर अवलंबून होते. मी १९८१ साली बँकेत कारकून म्हणून लागले, पुढे अधिकारी झाले. तेव्हा आमची वर्षअखेर ३१ डिसेंबरला असे. १९८९ पासून ती ३१ मार्चला आली. त्यामुळे मार्चभर रात्री उशिरापर्यंत लेजरे जुळवायची, घरी आले की मुले झोपलेली, आणि सकाळी निघताना त्यांची शाळेची घाई, असा प्रकार होता. एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा. एक मेच्या सुमारास निकालपत्रक हातात पडले की जूनच्या मध्यापर्यंत शाळेचा आणि आमचा संबंध संपला. आम्हाला वर्षाला बारा किरकोळ रजा. शिवाय नोकरीच्या दर अकरा दिवसांमागे एक दिवस हक्काची रजा जमा व्हायची, ती दोनशे चाळीस दिवसांपर्यंत साठवता येत असे. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे पैसे मिळत. साहजिकच बरेचसे सहकारी ती रजा मुदत ठेवीसारखी जपत. मी मात्र दरवर्षी मे महिन्यात पंधरा दिवस मोडत असे.

रजेच्या अर्जावर 'कारण' असा एक रकाना होता. त्यात आजारपण बसायचे, लग्नकार्य बसायचे, कोणाचे दहावे-बारावे बसायचे. "मुलांबरोबर घरी बसायचे आहे" हे काही बसत नसे. एका साहेबांनी मला विचारलेही होते, "मुलांना सुट्टी, तर तुम्हाला रजा कशाला?" मी 'घरगुती काम' असे लिहीत असे. आता मागे वळून पाहताना वाटते, ते काम कसले होते, हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे.

आम्ही तेव्हा सांगलीत राहत होतो. थोरली सहा-सात वर्षांची, धाकटा तीन-चार वर्षांचा. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर सर्व बिऱ्हाडकरूंची मिळून एक गच्ची. मे महिन्यातली ती गच्ची म्हणजे एक कारखानाच. कुरडयांचा बेत चार दिवस आधी सुरू व्हायचा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. त्या गव्हाला आंबूस वास येऊ लागला की धाकटा नाक धरून सगळ्या जिन्यात बातमी पसरवून येई. मग गहू वाटायचे, पिळून चीक काढायचा आणि रात्रभर तो निवू द्यायचा. पहाटे वरचे पाणी ओतून टाकून चीक शिजवायला घ्यायचा. पहाटेच, कारण ऊन चढायच्या आत सोऱ्या फिरला पाहिजे.

दहावीच्या परीक्षेलाही जी मुले पुढे हाका मारून उठली नाहीत, ती त्या दिवशी पाच वाजता न उठवता पातेल्याभोवती बसलेली असत. वाटीत गरम चीक, त्यावर तूप आणि साखर. कुरडईसाठी म्हणून शिजवलेल्या चिकातला चांगला चौथा हिस्सा या दोघांच्या आणि शेजारच्या चौघांच्या पोटात जाई. सासूबाई ओरडत, "अगं, वाळवणाला काही उरू दे!" आणि हळूच स्वतःची वाटी पुढे करत. मग जुन्या सुती लुगड्यावर कुरडया घातल्या की कावळे हाकलायला काठी घेऊन दोघांची नेमणूक व्हायची. राखणदारच अर्धवट वाळलेल्या पापड्या खात, त्यामुळे कावळ्यांचे फारसे काही चालत नसे. वरून ओली, खालून चिकट, मधे थोडी कडक अशी ती पापडी ज्याने खाल्ली नाही, त्याला तळलेल्या पापडाचे फार कौतुक वाटते, एवढेच मी म्हणेन.

दुपारी बाराच्या पुढे बाहेर पडायचे नाही, हा नियम. फरशीवर ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे आणि त्यावर नुसते आडवे व्हायचे. पत्ते, सापशिडी, करवंद फोडून कोंबडा की कोंबडी, असे सगळे व्हायचे. पण आमच्या घरातला खरा खेळ म्हणजे 'व्यापार'. त्यात बँकर कोण, हा प्रश्न आमच्याकडे कधी उद्भवलाच नाही. दिवसभर खऱ्या नोटा मोजणारी मी, दुपारी रंगीत कागदाच्या नोटा मोजत असे. थोरली सावध गिऱ्हाईक, पैसे राखून खेळणारी. धाकटा दिसेल ते शहर विकत घेई आणि तिसऱ्या फेरीत दिवाळे काढी. मग कर्जाचा अर्ज यायचा.

"आई, दोन हजार दे."

"तारण काय ठेवशील?"

त्याने बराच वेळ विचार केला. भोवरा आदल्या दिवशीच बहिणीकडे गहाण पडला होता. शेवटी म्हणाला, "उद्याच्या आंब्याची कोय."

आमच्या घरात कोय कोणी चोखायची यावरून रोज भांडण होई, म्हणजे तारणाला बाजारभाव होता. मी कर्ज मंजूर केले. दुसऱ्या दिवशी वसुलीला गेले, तर थकबाकीदार कोय घेऊन गच्चीवर पसार! बँकेतल्या माझ्या सगळ्या कारकिर्दीत असे बुडीत कर्ज मी इतक्या आनंदाने कधी निर्लेखित केले नाही.

चार वाजता वाचन. वाचनालयातून एका वेळी दोनच पुस्तके मिळत, म्हणून ती पुरवून वाचायची. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, 'किशोर'चे जुने अंक. मी मोठ्याने वाचायची आणि नेमके अटीतटीच्या जागी आणून चहा टाकायला उठायची. त्या वेळी माझ्या पदराला दोन्ही बाजूंनी जी ओढ लागे, तिची बरोबरी पुढे माझ्या स्वतःच्या कादंबऱ्यांवर आलेल्या कोणत्याही पत्राने केली नाही. पुढचे ऐकायला उत्सुक असलेला श्रोता म्हणजे काय असतो, ते मला त्या फरशीवर समजले. लेखिका होण्याचे माझे शिक्षण कुठे झाले, असे कोणी विचारले तर मी तोच पत्ता देते.

संध्याकाळी नदी. २००५ आणि २०१९ च्या महापुरात सांगलीत शिरलेली कृष्णा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मे महिन्यातली कृष्णा ओळखूही येणार नाही. आयर्विन पुलाखाली ती अगदी अंग चोरून वाहते. घाटावर पाठीला पत्र्याचा डबा बांधून मुले पोहायला शिकत. धाकट्याला गुडघाभर पाण्याची परवानगी होती, आणि तो बसून घेऊन तेच गळ्यापर्यंत करी. परत येताना भडंगाची पुडी. ओल्या चड्डीतले मूल कडेवर, हातात पुडी, साडीचा एक काठ भिजलेला, आणि घरी जाऊन फक्त पिठले-भात टाकायचा आहे. याला सुख म्हणतात, हे तेव्हा कोणी सांगितले नव्हते, पण ते मला कळत होते. नंतर आठवणींमुळे त्याला रंग चढला, अशातला भाग नाही.

आणि मे संपता संपता वळीव. चार वाजता आभाळ काळे व्हायचे, धुळीचा लोट, वीज गेलेली, आणि गच्चीवरची वाळवणे उचलायला सगळ्या बिऱ्हाडांची धावाधाव. एका वर्षी गारा पडल्या. धाकट्याने तांब्याभर वेचल्या आणि वडिलांना दाखवायला जपून ठेवल्या. वडील कॉलेजातले पेपर तपासून सातला घरी आले, तोवर तांब्यात नुसते पाणी. तो रडला नाही. ते पाणी त्याने बाटलीत भरले आणि बाटलीवर बहिणीकडून लिहून घेतले : 'गारांचे पाणी'. शाळा सुरू होऊन महिना झाला तरी ती बाटली आमच्या फळीवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवली जाई आणि पाहुण्यांनाही ती गंभीर चेहऱ्याने पाहावी लागे.

हे सगळे लिहिताना मला एका बाईची आठवण टाळता येत नाही. आमच्याकडे भांड्यांना येणारी बाई मे महिन्यात आपल्या दोन मुलींना बरोबर आणत असे. मुली आमच्या व्यापारात भिडू होत. त्यांची आई भांडी आटोपून पुढच्या घरी जाण्यापूर्वी दहा मिनिटे उंबऱ्यात टेकायची आणि थोरल्या मुलीने मुंबई विकत घेतली की तोंडाला पदर लावून हसायची. मग उठायची. तिला रजेचा अर्ज नव्हता, रकाना नव्हता, साहेबही नव्हता. तिच्या वाट्याला रोजची दहा मिनिटे होती, आणि ती तिने एकही दिवस सोडली नाहीत. आईचा आनंद ही काही पैसेवाल्यांची चैन नव्हे, हे मी तिच्याकडून शिकले. त्याला मोकळा वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाला किती मिळतो यात मात्र फार मोठा अन्याय आहे.

आज माझी थोरली पुण्यात संगणक कंपनीत आहे. तिचे अर्धे काम घरूनच चालते. तिच्या सहा वर्षांच्या मुलाचा मे महिना पोहणे, स्केटिंग आणि चित्रकला अशा शिबिरांत वाटलेला असतो. यावर नाक मुरडण्याचा मला अधिकार नाही. घरात आजी नाही, गच्चीला कुलूप, दोघेही नोकरी करणारे. मुलाने जायचे कुठे? मला काळजी वाटते ती माझ्या मुलीची. ती म्हणते, "आई, मी त्याच्यासाठी काहीच करत नाही गं." पुन्हा तोच 'त्याच्यासाठी'! मी तिला विचारते, "त्याच्याबरोबर तुला काय मजा आली, ते सांग." ती आधी गप्प होते. मग आठवून आठवून सांगू लागते आणि सांगता सांगता हसते.

कायदे हळूहळू सुधारले आहेत. १९६१ च्या कायद्याने बाळंतपणाला बारा आठवडे रजा होती, ती २०१७ मध्ये सव्वीस आठवडे झाली. केंद्र सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना २००८ पासून बालसंगोपनासाठी सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची रजा आहे. मुलांचे आजारपण आणि परीक्षा ही कारणे त्यात उघडच धरलेली आहेत. 'संगोपन' या शब्दात सापशिडीही बसते, असे माझे मत आहे. खासगी नोकरीत एवढी सोय नाही, हेही खरे. पण जी काही रजा हातात असते, तिचा हिशेब तरी आपण करतो का?

मी करून पाहिला. मूल चार वर्षांचे झाले की त्याला खेळ कळू लागतो आणि बाराव्या वर्षी त्याला आपल्यापेक्षा मित्र प्रिय होतात. मधे सापडतात आठ उन्हाळे. दर उन्हाळ्याचे पंधरा दिवस धरले, तर झाले एकशे वीस. निवृत्त होताना माझे सहकारी दोनशे चाळीस दिवसांचे पैसे घेऊन गेले. माझी शिल्लक बरीच कमी भरली. हिशेबनीस तरुण मुलगा होता, त्याने हळहळून विचारले, "मॅडम, एवढी रजा गेली कुठे?"

हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि येत्या मे महिन्याचा अर्ज अजून न भरलेल्या सगळ्या आयांसाठी. बापांनीही वाचायला हरकत नाही. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे, ते ज्याचे त्याने ठरवावे. अर्ज मात्र वेळेवर द्यावा. मे महिन्यात रजेला गर्दी असते.