वैशाखातील उजाड कुरण : पावसापूर्वीची निगा

हिंजवडीच्या म्हातोबाची बगाडाची यात्रा चैत्र पौर्णिमेस भरते. यात्रा उलटली की मृगाच्या पावसास साधारणतः दीड-दोन महिनेच उरतात. रब्बीची कामे संपलेली आणि खरिपाची मशागत पुरती सुरू न झालेली, असा हा मधला काळ असतो. या काळात माळावरील कुरणाकडे पाहिले तर पिवळी पडलेली खुंटे, गुरांच्या खुरांनी घट्ट झालेली जमीन, मधूनमधून उघडा मुरूम आणि कडेला घाणेरीची झुडपे एवढेच दिसते. असे कुरण मेले असे समजून सोडून देण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. वस्तुतः बहुतेक कुरणे मेलेली नसतात, दुर्लक्षित असतात. पावसापूर्वीच्या या आठवड्यांत योग्य कामे झाली तर तीच जमीन पुन्हा चारा देऊ लागते. ही कामे झाली नाहीत तर आणखी एक वर्ष वाया जाते व पहिल्या जोरदार सरींबरोबर वरची मातीही वाहून जाते.

कुरणाची आज गरज का?

हिंजवडी हे मुळशी तालुक्याच्या पूर्व टोकाचे गाव होय. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले आणि हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शिवाराचा मोठा भाग इमारती व रस्ते यांखाली गेला. गुरे मात्र अनेक घरांतून अजून आहेत. पूर्वी जो चारा शिवारातच मिळे, तो आता पुष्कळांस विकत घ्यावा लागतो. या भागात ऊस होत असल्यामुळे गळिताच्या हंगामात वाढे मिळतात. पण हंगाम संपला की तेही संपतात. शिवाय वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे जनावराच्या शरीरातील चुना बांधला जातो, म्हणून केवळ वाढ्यांवर गुरे पोसणे हितकर नसते. यास्तव उरलेले माळ, रुंद बांध, ओढ्याकाठच्या पट्ट्या आणि गायराने यांचे मोल पूर्वीपेक्षा वाढले आहे.

एक साधा हिशेब पाहावा. ३०० किलो वजनाच्या गाईस वजनाच्या सुमारे अडीच टक्के, म्हणजे दररोज साडेसात किलो सुका चारा लागतो. एका एकरात ३०० किलो वाळलेले गवत निघाले तर ते चाळीस दिवस पुरेल. तेच १,२०० किलो निघाले तर एकशे साठ दिवस पुरेल. उजाड कुरण व सुधारलेले कुरण यांच्या उत्पन्नात तिप्पट-चौपट फरक पडू शकतो. नुसत्या वाळल्या गवतावर दुभते जनावर दूध देणार नाही हे खरे. तथापि वैरणीच्या खर्चाचा मोठा भाग त्याने निश्चित हलका होतो.

कुरण का बिघडते?

उत्तम बारमाही गवते आपला अन्नसाठा बुडख्यात व मुळांत राखून ठेवतात आणि पहिल्या पावसानंतर त्या साठ्यावरच नवी पालवी फोडतात. जनावरे हे कोवळे पोंगे पुनःपुन्हा खुडत राहिली तर साठा संपतो आणि ठोंब मरतो. पहिल्या पावसापासूनच कुरण चारण्याची चाल म्हणूनच सर्वांत घातक होय. मारवेल, पवना, डोंगरी यांसारखी चांगली गवते प्रथम नाहीशी होतात, कारण जनावरे तीच आवडीने खातात. त्यांच्या जागी कुसळी वाढते, नंतर बारीक एकवर्षायु गवते येतात आणि शेवटी गाजर गवत, टाकळा, घाणेरी यांचे राज्य सुरू होते.

दुसरे कारण वणवा. माळ जाळला की गवत चांगले फुटते, अशी समजूत आहे. राख पडल्यावर पालवी लवकर दिसते हे खरे. परंतु उथळ बुडखे जळतात, जमिनीवरील पाचोळ्याचे आच्छादन नष्ट होते आणि उघड्या जमिनीवर पावसाचा मारा थेट बसतो. कुसळीस आग सोसते, मारवेलीस तितकी सोसत नाही. त्यामुळे वारंवार जाळलेल्या माळावर कुसळीच माजते. तिची टोकदार कुसळे जनावरांच्या तोंडास व मेंढ्यांच्या लोकरीस इजा करतात.

हा क्रम उलटा फिरविता येतो. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम करणारे विल्यम बर्न्स व त्यांचे सहकारी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पश्चिम भारतातील गवताळ जमिनींचा अभ्यास केला होता. चराई थांबवून जमिनीस विश्रांती दिली की हलक्या गवतांची जागा हळूहळू चांगली बारमाही गवते घेतात, हे तत्त्व कुरण सुधारणेचा पाया होय.

प्रथम परीक्षा

काम सुरू करण्यापूर्वी कुरणाची स्थिती जाणून घ्यावी. कुरणातून तिरपे शंभर पावले चालावे आणि प्रत्येक पावलाशी अंगठ्यापुढे काय आहे ते मोजावे : बारमाही गवताचा ठोंब, एकवर्षायु गवत वा तण, की उघडी जमीन. वैशाखात सर्वच गवत वाळलेले दिसते; म्हणून काही ठोंब कुदळीने उकरून पाहावेत. बुडखा आतून पांढुरका व टणक असेल तर ठोंब जिवंत आहे. तपकिरी होऊन हाताने चुरगळत असेल तर तो मेला आहे.

स्थूलमानाने असे म्हणता येईल की, शंभर पावलांत तीस किंवा अधिक जिवंत ठोंब आढळले तर केवळ चराईबंदी व थोडे खत पुरे आहे. दहा ते तीस आढळले तर रिकाम्या जागी ठोंब लावावेत. दहापेक्षा कमी आढळले तरच नव्याने लागण करावी. या परीक्षेने अनावश्यक खर्च टळतो.

पावसापूर्वीची कामे

१. चराईबंदी : हे काम सर्वांत स्वस्त व सर्वांत महत्त्वाचे आहे. सर्व कुरण एकदम बंद करणे अशक्य असल्यास त्याचे तीन भाग करून या वर्षी एकच भाग राखावा. कडेने काटेरी कुंपण घालावे अथवा दगडी ताल रचावी. सामाईक गायरान असेल तर ग्रामसभेत ठराव करूनच बंदी घालावी. ज्यांची गुरे त्या माळावर अवलंबून आहेत त्यांचा विचार न करता घातलेली बंदी टिकत नाही. कापून नेलेल्या गवतातील वाटा अशा कुटुंबांस प्रथम द्यावा.

२. झुडपे काढणे : घाणेरी नुसती तोडू नये, ती पुन्हा फुटते. ती मुळासकट खणून काढावी. खणलेल्या झुडपांचेच कुंपण करता येते. बोर, बाभूळ, पळस यांची तुरळक झाडे राखावीत.

३. पाणी अडविणे : उताराच्या जमिनीवर समपातळीत सुमारे ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर खोल चर खणावेत आणि माती खालच्या अंगास रचावी. समपातळी लाकडी त्रिकोणी चौकट व ओळंबा यांच्या साहाय्याने काढता येते. उताराचे कुरण नांगरू नये. नांगरटीने उरलेले ठोंबही मरतात व माती वाहते.

४. ठोंबांची तजवीज : मारवेल अनेक जुन्या बांधांवर व पाटांच्या कडेला अजून टिकून आहे. अशा जागा आताच हेरून ठेवाव्यात. मारवेल-८ या सुधारित वाणाची मागणीही पावसापूर्वीच कृषी विद्यापीठाच्या चारा पिकांच्या केंद्राकडे नोंदवावी.

पाऊस सुरू झाल्यावर

जमीन १५ ते २० सेंटिमीटर ओली झाल्यानंतर आणि आकाश भरलेले असताना ठोंब लावावेत. ४५ × ३० सेंटिमीटर अंतराने एका गुंठ्यास सुमारे ७५० व एकरास सुमारे ३०,००० ठोंब लागतात. एवढे एकदम जमत नसल्यास समपातळीच्या चरांच्या भरावावर एक-एक ओळ लावावी. पुढे तेथून बी पसरते.

गवताबरोबर स्टायलो हे द्विदल वैरणपीक अवश्य मिसळावे. त्याने वैरणीतील प्रथिने वाढतात व मुळांवरील गाठींतून जमिनीस नत्र मिळते. स्टायलोचे बी कठीण कवचाचे असते; ते सुमारे ८० अंश सेल्सिअस तापलेल्या पाण्यात चार-पाच मिनिटे ठेवून मग सावलीत सुकवावे. एकरी दोन किलो बी ओल्या मातीत मिसळून फोकावे. ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल गाडू नये.

सिंगल सुपर फॉस्फेट एकरी ५० किलो लागणीच्या वेळी द्यावे. युरिया मात्र कोरड्या जमिनीवर पावसापूर्वी कधीही टाकू नये. त्यातील नत्र वायुरूपाने उडून जातो. पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, गवताने जोर धरल्यावर, तण काढून एकरी २५ किलो युरिया द्यावा.

गाजर गवत

१९५६ साली पुण्याच्या परिसरातून नोंद झालेले हे अमेरिकेकडील तण पुढे देशभर पसरले. त्याचे एक झाड हजारो बिया देते. म्हणून ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेस दाह होतो. हातमोजे अथवा प्लॅस्टिकची पिशवी हातास बांधल्याशिवाय उपटू नये. हे तण खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ साली बंगळूर येथे भारतात प्रथम सोडण्यात आले. पावसाळ्यात पाने खाल्लेली दिसली तर तेथे फवारणी करू नये.

कापणी व पुढील शिस्त

पहिल्या वर्षी कुरणात जनावर सोडू नये. जुने ठोंब असलेल्या भागातील गवत निम्मे फुलोऱ्यावर येताच जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर उंचीवर कापावे. बी धरल्यानंतर कापलेल्या गवतात कस राहत नाही. नव्या लागणीचा भाग मात्र बी झडेपर्यंत राखावा व नंतर कापावा. दुसऱ्या वर्षापासून तीन भागांत आळीपाळीने चराई ठेवावी आणि दरवर्षी एक भाग राखलेला असावा.

शाळेचे मैदान किंवा देवळापुढील हरळीची हिरवळ बिघडली असेल तर तीच तत्त्वे लागू पडतात : वर्दळ काही काळ थांबवावी, घट्ट जमिनीस पहारीने भोके पाडून चाळलेले कंपोस्ट घालावे आणि पाऊस पडताच १०-१५ सेंटिमीटर अंतराने हरळी लावावी. मोठ्या इमारतींभोवतीच्या हिरवळीचे कापलेले गवत गुरांना घालण्यापूर्वी तीवर कीटकनाशक वा तणनाशक फवारलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

गायरान हे गावाचे आहे

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावाच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याच्या योजना राज्यांनी आखाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी दिला आहे. परंतु कागदावर राखलेले गायरान प्रत्यक्षात ओसाड राहिले तर त्यावर इतरांची नजर पडते. त्यावर गवत उभे असेल आणि गावाची गुरे त्यावर जगत असतील, तर त्याचे रक्षण करण्यास सारे गाव पुढे येते. ग्रामकार्यकर्त्यांनी या वैशाखात आपल्या गावातील निदान एक एकर कुरण निवडून वरील कामे करून दाखवावीत. दिवाळीत त्या एकरातील गवताचे भारे आणि शेजारचा उघडा मुरूम ही दोन्ही गावकऱ्यांच्या डोळ्यांसमोर असली, म्हणजे पुढील वर्षी दुसरा एकर राखण्यास त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.