मोबाईलच्या पडद्यावरची सावली

नगरला मसाल्याच्या स्टॉलवर आम्ही गटाच्या मोबाईलवर क्यूआर कोड दिवसभर उघडा ठेवायचो, ब्राइटनेस पूर्ण वाढवून. काही महिन्यांत पडद्यावर त्याच चौकटींची सावली कायमची उमटली. नव्या पडद्याचा खर्च विचारला, तर तेवढ्यात महिन्याभराची मिरची आली असती!

हा पडदा ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय. सेंद्रिय म्हणजे शेणखत नव्हे हं! यात कार्बनयुक्त रसायनांचे बारीक ठिपके स्वतःच उजळतात. जितके उजळतील तितके झिजतात, निळे सगळ्यात आधी. काळ्या जागी ठिपके विझलेले असतात. आमच्या कोडाचा पांढरा भाग झिजला, काळा तसाच राहिला. तीच ही सावली.

आता कोड छापून पुठ्ठ्यावर लावलाय. मोबाईलचा ब्राइटनेस निम्मा, डार्क मोड चालू, पडदा अर्ध्या मिनिटात आपोआप बंद. बॅटरीही जास्त टिकतेय.