गोव्याने डावी बाजू का सोडली नाही

दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग मराठी माणसाला आता नव्या महाराष्ट्र सदनामुळे परिचयाचा झाला आहे. पूर्वी हा कर्झन रोड होता. १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय असलेल्या, बंगालची फाळणी करणाऱ्या कर्झनचं नाव पुसून तिथे कस्तुरबांचं नाव आलं, हे उत्तमच झालं. कर्झनच्या राज्याने लावलेली डावीकडून चालण्याची शिस्त मात्र राहिली. इंडिया गेटभोवतीच्या रस्त्याला लागलं की प्रदक्षिणा घालताना देव असतो तसं ते स्मारक सतत आपल्या उजव्या हाताला राहतं. वाहनं डावीकडून चालतात त्या प्रत्येक देशात गोल चौकाला असाच वळसा पडतो.

इंग्रज डावीकडून चालत, म्हणून आपणही डावीकडून चालतो, असं आपण सहज सांगून मोकळे होतो. ते खोटं नाही. पण एवढ्यावर थांबलं तर गोव्याचा उलगडा होत नाही. गोव्यात इंग्रजांचं राज्य नव्हतं.

१ जून १९२८ रोजी पोर्तुगालने आपली वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. लिस्बनचा हुकूम पणजीत चालायचा तो काळ. तरीही गोवा, दमण आणि दीव डावीकडेच राहिले. नकाशा पाहिला की कारण कळतं. गोव्याच्या पश्चिमेला समुद्र, उत्तरेला सावंतवाडी संस्थान, पूर्वेला बेळगाव आणि दक्षिणेला कारवारचा मुलूख. समुद्र सोडला तर गोव्याबाहेर जाणारा प्रत्येक रस्ता डावीकडून चालणाऱ्या मुलखात उतरत होता. बाजू बदलली असती, तर घाट चढणाऱ्या नि उतरणाऱ्या गाड्यांना ऐन सरहद्दीवर एकमेकींसमोरून आडवं जावं लागलं असतं. दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशियाला लागून असलेलं मोझांबिकही याच हिशेबाने डावीकडे राहिलं. पोर्तुगीज तिमोर मात्र १९२८ मध्ये उजवीकडे गेला आणि इंडोनेशियाचा ताबा आल्यावर १९७६ मध्ये पुन्हा डावीकडे परतला.

माझ्या मते, गोव्याच्या या गोष्टीकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्दीवरच्या पत्रादेवीला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर भारताने नाकेबंदी केली आणि सरहद्द जवळजवळ बंदच झाली. १९५९ मध्ये गोव्याचं चलनही बदललं, रुपया जाऊन एस्कुडो आला. रस्त्याची बाजू मात्र बदलली नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सेना दोडामार्ग आणि अनमोडकडून आत शिरली, तेव्हा पोर्तुगीजांनी पूल उडवून दिले होते. सैन्याला नदी कशी ओलांडायची याची चिंता होती, कुठल्या बाजूने चालायचं याची नव्हती. दुसऱ्या दिवशी साडेचारशे वर्षांची राजवट संपली. झेंडा बदलला, कायदे बदलले, कारभाराची भाषा बदलली. गाड्या आदल्या दिवशीसारख्याच डावीकडून चालत राहिल्या.

इंग्रजांकडे तरी ही शिस्त कुठून आली? उजव्या हातात तलवार धरणाऱ्या घोडेस्वाराला समोरून येणारा माणूस उजवीकडे असलेला बरा, हे स्पष्टीकरण सगळीकडे दिलं जातं. ते पटण्यासारखं असलं तरी पुरावा म्हणून तोकडं आहे. कागदावर सापडतो तो १७२२ चा हुकूम: लंडन ब्रिजवरून शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाची पश्चिम बाजू, म्हणजे आपली डावी बाजू धरावी. पूल अरुंद आणि गर्दी अफाट, म्हणून हा हुकूम काढावा लागला. १८३५ च्या हायवे अ‍ॅक्टने तो नियम देशभराचा झाला. अमेरिकेत उलट झालं. तिथल्या मोठ्या मालवाहू घोडागाड्या हाकणारा डाव्या हाताच्या मागच्या घोड्यावर बसे. समोरून येणाऱ्या गाडीचं चाक आपल्या चाकाला घासत नाही ना, हे बघायचं तर ती गाडी डावीकडून गेलेली त्याला सोयीची होती. पेनसिल्व्हेनियाने १७९२ मध्ये एका टोल रस्त्यासाठी उजवी बाजू कायद्यात घातली.

आपला गाडीवान बैलांच्या मागे, मधोमध बसतो. दोन्ही हातांत कासरा, दोन्ही चाकं सारख्याच अंतरावर. त्याला कुठलीही एक बाजू जास्त सोयीची नव्हती. म्हणून बैलगाडीच्या देशात नियम बाहेरून आला तरी तो कुणाच्या अंगवळणाच्या आड आला नाही, असं मला वाटतं.

बाजू बदलणं किती अवघड, ते स्वीडनला विचारावं. १९५५ च्या जनमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी बदलाला नकार दिला. पण नॉर्वे आणि फिनलंड हे शेजारी उजवीकडून चालत होते आणि स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींची स्टिअरिंगही डावीकडेच होती. अखेर ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे पाच वाजता सगळा देश उजवीकडे सरकला. ब्रह्मदेशाने १९७० मध्ये ने विन यांच्या राजवटीत बाजू बदलली, पण जुन्या बस तशाच राहिल्या. दरवाजा रस्त्याच्या मध्याकडे उघडायचा, आणि प्रवासी धावत्या वाहनांच्या दिशेने उतरायचे. मणिपुरातल्या मोरेहून पलीकडे तामूला जाणाऱ्याला आजही बाजू बदलावी लागते.

या सगळ्या उदाहरणांत मला एकच गोष्ट ठळक दिसते. डावी की उजवी, हे ठरवताना समोरून कोण येणार आहे याचा विचार करावाच लागतो. लिस्बनच्या सत्तेलाही सावंतवाडी-बेळगावच्या गाड्यांची दखल घ्यावी लागली.

आपल्या शहरांत मात्र अशी दखल घेणं रोज टाळलं जातं. दुभाजकाच्या पुढच्या फटीपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून दुचाकी, रिक्षा, कधी चक्क टेम्पोही राँग साइडने येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने उलट दिशेने गाडी चालवणं हे धोकादायक वाहन चालवणं म्हणून स्पष्ट नोंदवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दिवाळीच्या गर्दीत गाडी बाहेर काढाल, तेव्हा पुढच्या वळणापर्यंत जा आणि तिथूनच फिरा.