नव्या विंचेस्टरची पारख

अमेरिकेत काउबॉय नेमबाजीचे शौकीन १८७३ च्या विंचेस्टरची जी नवी प्रतिकृती घेतात, ती बहुधा इटलीच्या उबेर्तीची किंवा जपानच्या मिरोकूची असते. पोलादाच्या रंगीत झाकेवर भुलू नये. ती कोणालाही जमते. दस्त्याचे लाकूड जिथे पोलादाला भिडते तिथून नख फिरवा. फट लागली, तर आतल्या कामाचीही शंका घ्यायला हरकत नाही.

मग रायफल रिकामी असल्याची खात्री करून नकली काडतुसे भरा आणि लिव्हर आधी सावकाश, नंतर झपाट्याने चालवा. काडतूस ठरल्या लांबीपेक्षा आखूड असेल तर त्याच्यामागून येणारे काडतूस थोडे आत डोकावते आणि काडतुसे उचलणारा ठोकळा अडतो. हा दोष रायफलचा नव्हे.

बोल्टला मागून आधार असतो तो गुडघ्यासारख्या मुडपणाऱ्या सांध्यांचा. मूळ .४४-४० काडतुसाच्या माफक दाबासाठी तो पुरेसा होता. आज .३५७ मॅग्नममध्येही ही रायफल मिळते, पण जास्त दाबाची घरी भरलेली काडतुसे हिच्यात नकोतच. त्यांची हौस असेल तर ब्राउनिंगने रचलेले १८९२ चे मॉडेल पाहावे. त्यात दोन उभ्या पोलादी खिळी बोल्ट अडवतात. शेवटी, इटालियन मालावर चौकटीतली दोन अक्षरे शोधा, त्यांवरून चाचणीचे वर्ष कळते.